कोणी करायचं, ते लिहा

आमच्या घरची विहीर बारा महिने भरलेली असायची, आणि आई बारा महिने पाण्याला दुसऱ्याच्या दारात जायची. ऐकणाऱ्याला हे कोडं वाटतं. कोडं काही नाही. निफाड तालुक्यात आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वर चढावर लोकांच्या द्राक्षबागा, त्यांच्या खाली कांदा, आणि सगळ्यांच्या खाली आमचे वीस गुंठे आणि ती विहीर. मी चौथीत असताना ग्रामसेवक आला, विहिरीच्या कठड्यावर लाल पट्टा ओढला, त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहिलं आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. वडील वाकून बघत म्हणाले, "काचेवानी तर दिसतंय." पण आईने त्या दिवसापासून ते पाणी धुण्याभांड्यापुरतं ठेवलं.

प्यायचं पाणी वरच्या मळ्यातल्या अण्णांच्या विहिरीवरून. अण्णा गावचे माजी सरपंच. त्यांची विहीर सगळ्या बागांच्या वर, म्हणून पाणी चांगलं. दोन हंडे, चढ, आणि चढाच्या टोकाला अण्णांची बायको. "आली का पाण्याची पाहुणी?" रोज हेच. आई रोज हसायची, कारण हंडा भरायचा असायचा. वडील दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला, विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला. ज्या बागांचं खत आमच्या विहिरीत उतरत होतं, त्याच बागांत. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरातच नव्हे, अख्ख्या वस्तीत पहिला. याचा मला गर्व होता, आहे आणि राहील. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या गर्वापायीच झालं.

आता त्या माणसाबद्दल.

"कोण?"

पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला शब्द. मी दारात उभा राहून म्हणालो होतो, "साहेब, नमुन्याच्या बाटल्या खाली आल्यात. वर आणायच्या आहेत."

"कोण?" मान वर न करता.

मी माझं नाव सांगितलं.

"नाव नाही विचारलं. वर कोण आणणार?"

"आणता येतील की, साहेब."

"येतील. पाय फुटले तर आपल्या आपण येतील."

मी खाली गेलो आणि खोकी उचलून आणली. जिन्यात त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. लिहिताना ‘ते’ लिहितो आहे, ते त्यांच्या वयाकडे बघून. मनात मी त्यांना कधी अहोजाहो केलं नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर एका इमारतीचा दुसरा मजला भाड्याने घेऊन आमचा नत्र प्रकल्प चालू होता. पाच-सहा देशांतले शास्त्रज्ञ त्यात होते. काम सांगायला सोपं. पिकाला घातलेला युरिया सगळाच पीक खात नाही. उरलेला काही हवेत जातो, काही पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत नायट्रेट होऊन बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून मरत नाही, उकळून जात नाही, उलट उकळल्याने आटून वाढतो. तान्ह्या बाळाला तो सर्वांत वाईट. हे सगळ्या जगात चाललं आहे आणि प्रत्येक देश वेगळा पुस्तकी उपाय काढतो आहे. तर सगळ्यांनी मिळून मोजायचं आणि सरकारांना चांगली धोरणं लिहून द्यायची. मी होतो क्षेत्र सहायक. गावोगाव जाऊन विहिरींचे नमुने आणायचे.

आणि हे होते मसुद्याचे सल्लागार. जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातून निवृत्त झालेले. जन्मभर परिपत्रकं लिहिली. राहायला पंचवटीत. मे महिन्यातही बाह्यांचा स्वेटर, कारण त्यांना एसी सोसायचा नाही आणि तो बंद करा असं सांगण्याएवढे ते कोणाशी बोलायचे नाहीत. डबा घरचा, पाणी घरचं, तांब्याच्या बाटलीत. ऑफिसच्या पाण्याला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. समोर एक लाकडी फूटपट्टी. कुठलाही कागद आला की ती पहिल्या ओळीखाली ठेवायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. ऐंशी पानी अहवालसुद्धा असाच. शेजारी बसलेल्याला वेड लागायची पाळी. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात बसून गेला असेल, आणि तुम्हीही त्याच्या निवृत्तीच्या हाराला आनंदाने वर्गणी दिली असेल. आम्हाला तीही सोय नव्हती. ते निवृत्त होऊनच आले होते.

बेसिनवर कुणीतरी चिठ्ठी लावली होती, ‘नळ नीट बंद करावा.’ नळ रोज गळायचा. एक दिवस चिठ्ठीखाली लाल शाईत दिसलं, ‘कोणी?’ आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदललेली, ‘सायंकाळी कुलूप लावणाऱ्याने नळ तपासावा.’ कुलूप मी लावायचो. मला त्या नळाकडे बघावं लागायला लागलं. गळणं थांबलं, ही गोष्ट खरी आहे, आणि तिचा मला तेव्हा फार राग आला होता.

दर बुधवारी पडद्यावर सगळे देश जमायचे. हॉलंडच्या एक बाई प्रमुख, श्रीलंकेचे एक प्रोफेसर त्यांच्या जोडीला. बाईंनी मोठ्या मेहनतीने मसुदा केलेला. त्यातलं एक वाक्य त्यांनी वाचून दाखवलं, त्याचा अर्थ असा की शेतकऱ्यांना माती आणि पानांचे देठ तपासून खत देण्यास प्रोत्साहन देण्यात येईल.

आमच्या टेबलावरून आवाज आला, "हू, मॅडम?"

बाई म्हणाल्या, सगळे संबंधित घटक.

"नो पोस्ट बाय दॅट नेम इन नाशिक डिस्ट्रिक्ट, मॅडम."

मी लाजेने खाली बघितलं. जगातले मोठे लोक समोर बसलेत, आणि हा कारकुनी इंग्रजीत त्यांना दरडावतो आहे! बाईंचं तोंड लाल झालं. त्या म्हणाल्या, तुम्ही प्रत्येक बैठकीत अडवता. आमच्याकडेही हे सोपं गेलेलं नाही, वरून ठरवलं तर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले.

"आलेच पाहिजेत," हे म्हणाले. "त्या कागदावर करणार म्हणून नाव कोणाचं होतं?"

"सगळ्यांचं."

"म्हणजे शेतकऱ्याचं. बाकीच्यांनी सह्या केल्या."

बैठक तिथेच संपली. बाईंनी नंतर आमच्या मुख्य समन्वयकांना कळवलं म्हणे, की या माणसाला बदला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण समन्वयक भिडस्त. त्यांनी कळवणारीला हो म्हटलं आणि यांना काहीच म्हटलं नाही.

मला ते काय म्हणायचे तेही सांगतो. एकदा कोणीतरी कौतुकाने सांगितलं, की हा त्यांच्या वस्तीतला पहिला पदवीधर. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असं? मग वाचता येत असेल. हा तक्ता घ्या, बेरजा चुकल्यात." सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

आता माझी गोष्ट. ही सांगताना आजही जीभ अडते, पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर ही टाळता येत नाही.

आमच्या गावात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच गावांत, एक ‘दाखवायची विहीर’ असते. वरून कोणी पाणी तपासायला आलं की त्याला तिथे न्यायचं. चहा पाजायचा, बाटली आपणच भरून द्यायची. गावाला लाल शेरा नको. आमच्या गावात ती अण्णांची विहीर. नमुन्यांच्या फेरीत आमचं गाव आलं तेव्हा अण्णांनी मला ओट्यावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या बायकोने चहा दिला, कपबशीत.

"तू आता साहेब झाला," अण्णा म्हणाले. "गावाला लाल लावू नको. पाणी खराब म्हटल्यावर पोरी देत नाय लोक. तुझं बी लग्न व्हायचंय अजून."

"माझ्याकडे चार विहिरींची यादी आहे, अण्णा. त्यात आमचीपण आहे."

"मग काय झालं? चारी बाटल्या इथंच भर. कोण बघतंय?"

मी चारी नाही भरल्या. दोन भरल्या. एक त्यांच्या विहिरीची, आणि दुसरी आमच्या विहिरीच्या नावाची. बाटलीवर आमच्या विहिरीचा क्रमांक टाकला, तारीख टाकली, सही केली. बाकीच्या दोन इमानदारीने भरल्या आणि त्या वाईटच निघाल्या. अण्णांसाठी केलं असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं होतं ते. मला आमच्या विहिरीवरचा लाल पट्टा नको होता. वस्तीतला पहिला पदवीधर, आणि त्याच्या घरची विहीर लाल? जगातल्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यात?

निकाल आले. प्रकल्पाच्या यादीत आमची विहीर हिरवी झाली. तो कागद मी घरी नेला, मीच, मोठ्या डौलात. भावाने पत्र्याच्या तुकड्याने कठड्यावरचा लाल रंग खरवडून काढला. आई गुडघे दाबत म्हणाली, "चला, माझी खेप वाचली बाबा." दुसऱ्या दिवसापासून घरात आमच्याच विहिरीचं पाणी सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात खरं सांगू, असं मनाशी म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली होती, ती मुलगी घेऊन परत आली. एका शनिवारी तिचा फोन आला.

"भाऊजी, डॉक्टरांनी बाळाला वरचं दूध सांगितलंय. पावडरचं. पाणी आपलंच उकळून घेते, हिरवं हाय ना आता?"

"नको. जारचं आणा. आजच आणा."

"का पण? कागद तर तुमचाच हाय."

"मी सांगतोय म्हणून आणा. अजिबात वापरू नका ते. घरात कोणीच पिऊ नका."

"आत्याबाईंनी काय प्यायचं मग? परत वर जायचं त्यांनी?"

मी फोन ठेवला. भावाला सांगून जार पोचवायला लावले. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, सोमवारी सांगतो. रविवारभर ठरवत होतो की ऑफिसात जाऊन समन्वयकांना खरं सांगायचं. वाक्यही ठरवलं होतं: ‘नमुन्यात काही चूक झालेली आहे.’

सोमवारी पोचलो तर समन्वयक आलेले नव्हते. हे आलेले होते. समोर आमच्या तालुक्याचा तक्ता, आणि फूटपट्टी एका ओळीखाली थांबलेली. सरकत नव्हती.

"इकडे या." मी गेलो. "या दोन विहिरी जुळ्या आहेत का?"

दशांशापर्यंत सगळे आकडे सारखे होते. अण्णांची आणि आमची. पाच देशांच्या संगणकांतून तो तक्ता जाऊन आला होता, कुणाला दिसलं नव्हतं.

"नमुन्यात काही चूक झालेली आहे," मी म्हणालो.

"झालेली आहे. कोणाकडून?"

पट्टी थांबली होती ती ओळ मी पुन्हा वाचली.

"कोण?" आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. नळाखाली लिहिलेल्या लाल शाईसारखा.

"मी," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. चहा, कपबशी, लाल पट्टा, वहिनीचा फोन. मला वाटलं, म्हातारा आता तरी काही बरं बोलेल.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिहा. नमुना कोणी भरला, कुठला भरला, कुठला सांगितला. खाली नाव. नावाखाली पदनाम."

मी लिहिलं. त्यांनी पट्टी ठेवून वाचलं. एके ठिकाणी ‘भरला गेला’ होतं, तिथे बोट ठेवलं. मी खोडून ‘मी भरला’ लिहिलं. तेव्हा त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं होतं, हे खरं सांगतो.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि घडीवर फाटत आलेला एक कागद बाहेर काढला. जुनं परिपत्रक. मी चौथीत होतो त्या वर्षीचं.

"हे माझं. वाचा, वाचता येतं ना तुम्हाला."

दोनच वाक्यांना पेन्सिलीची खूण होती. पहिलं: दूषित विहिरींवर ग्रामसेवकांनी लाल खूण करावी. दुसरं: अशा कुटुंबांसाठी पिण्याच्या पाण्याची पर्यायी व्यवस्था करण्यात यावी.

"पहिलं झालं," ते म्हणाले. "महिन्याभरात जिल्हाभर लाल रंग लागला. कारण मी तिथे ग्रामसेवक लिहिलं होतं. दुसऱ्यात मी कोणाला लिहिलं नाही. विचारायला गेलो असतो तर भांडणं झाली असती, दोन खात्यांची. मला लवकर घरी जायचं होतं." त्यांनी कागद परत घडी केला. "तुमच्या आई किती वर्षं वर जात होत्या?"

मी सांगितलं. डबा उघडायची वेळ झाली होती, त्यांनी डबा उघडला.

माझा कागद त्यांनी बुधवारी सगळ्या देशांसमोर वाचला. इंग्रजीत, माझ्या नावासकट. मी खुर्चीत बसलो होतो, कान भाजत होते. आणि मग श्रीलंकेचे प्रोफेसर हसायला लागले. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही गावोगाव अशी विहीर असते, पाहुण्यांची. त्यांनी वर्षभर त्याच विहिरी मोजल्या की काय, ही शंका त्यांना आता पहिल्यांदा येत होती. त्यानंतर सगळ्यांचे नमुने पुन्हा घ्यायचं ठरलं. नमुना दुसऱ्या गावच्या माणसाने भरायचा, हा नियम त्या बुधवारी झाला. आणि बाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "हू विल डू इट?"

मला काढलं नाही. यांनीच समन्वयकांना सांगितलं, "काढू नका." मी मान वर केली. "फक्त या माणसाला नमुन्याला हात लावू देऊ नका. परत कधीच." म्हणून मला त्यांच्या समोरच्या टेबलावर बसवलं, तक्ते वाचायला. दुसरी फूटपट्टी दिली, प्लॅस्टिकची.

गावात नमुना पुन्हा घ्यायला पथक गेलं तेव्हा तेही आले. गरज नव्हती, पण आले, स्वेटर घालून. अण्णा वाटेतच उभे. "गावाचं नाक कापलं याने. पदवी घेऊन आला अन् गावाला काळं फासलं."

यांनी चष्मा पुसला. "नाक आहे का तपासायलाच आलोय. तुम्हाला बाजूला कोण करणार? तुम्ही स्वतः, की पोलीस?"

अण्णा बाजूला झाले. पण गावाने आमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलं. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. एवढंच म्हणाला, "तुझ्या कागदावर आमच्या पोरीला तेच पाजलं असतं आम्ही."

आई मात्र पाहुणे आले म्हणून पाणी घेऊन आली. तांब्या आणि वर पेला. मला धडकी भरली, कारण हा माणूस बाहेरचं पाणी घेत नाही, आणि आता आईलाही काहीतरी ऐकवणार.

"हे पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं.

"वरच्या मळ्यातलं, भाऊ. चांगलं हाय, घ्या."

"कोणी आणलं?"

"मी. दुसरं कोण आणनार?"

त्यांची तांब्याची बाटली पिशवीत होती, मला दिसत होती. त्यांनी पेला घेतला आणि उभ्यानेच सगळा प्यायले. परत पुढे केला. आईने पुन्हा भरला, तोही प्यायले. मग तिला म्हणाले, "बाई, ते वाक्य माझं होतं."

आईला काय कळणार? "असू द्या," ती म्हणाली. "चहा ठेवते."

ते नको म्हणाले नाहीत.

याने आमचं काही जुळलं असं समजू नका. पुढचं वर्षभर त्यांनी जिल्ह्याच्या परिपत्रकाचे माझे मसुदे परत केले. द्राक्षाला छाटणीनंतर खत किती, ते देठ तपासून कोण सांगणार: कृषी सहायक. कांद्याला शेजाऱ्याने एक गोणी टाकली म्हणून आपण दीड टाकतो, ते गावात बसून कोण मोडणार: तोच, पण महिन्यातून कुठल्या दिवशी? लाल विहिरीच्या घरी पाणी कोण पोचवणार: ग्रामसेवक. नाही पोचलं तर कोणाला फोन करायचा: गटविकास अधिकारी. त्या एका ओळीसाठी आम्ही दोन खात्यांच्या पायऱ्या किती झिजवल्या ते आठवत नाही. एका साहेबाने तोंडावर सांगितलं, "आमचं पदनाम काढा, मग बघू." हे उठले. "काढतो. त्या जागी लिहितो, की यांनी नाही म्हटलं. नाव कसं लिहिता आपण?" पदनाम राहिलं. जिना उतरताना मी म्हटलं, "साहेब, भारी बोललात." ते म्हणाले, "तुम्ही गप्प का होता?"

मसुदा जवळजवळ झाला होता. एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी त्यांच्या मुलीचा फोन आला, की बाबा पहाटे झोपेतच गेले.

दहाव्याला मी गोदावरीवर गेलो. का गेलो माहीत नाही. त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. पिंड मांडला होता, कावळे समोरच्या भिंतीवर बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलगी हात जोडून म्हणाली, "बाबा, घराची काळजी घेतली जाईल." जावई म्हणाला, "सगळं व्यवस्थित होईल." कावळे बघत बसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, ऑफिसचा एकटा मीच होतो. मी म्हणालो, "साहेब, परिपत्रक निघेल."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या काठाला गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. मी पायऱ्यांवर उभा होतो आणि मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मेल्यावरसुद्धा मसुदा परत! असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कावळ्यांची पोटं भरलेली असतील, त्या घाटावर रोज तेच. पण घरी जाताना बसमध्ये मी ते वाक्य मनात दुरुस्त केलं. परिपत्रक मी काढून घेईन. मी, क्षेत्र सहायक.

त्यांची लाकडी पट्टी मुलीने प्रकल्पाची वस्तू समजून ऑफिसात पाठवून दिली. माझ्याकडे आहे.

परिपत्रक निघालं. त्यातल्या प्रत्येक कामापुढे पदनाम आहे. आमचं गाव यादीत आलं. अण्णांच्या बागेचेही देठ तपासले जातात— चुकलो, कृषी सहायक तपासतो. ग्रामसेवक पाणी पोचवायला लागला तशी आईची खेप बंद झाली. तेव्हापासून पाच पावसाळे गेले, पुतणी आता पहिलीत आहे. या हिवाळ्यात आमच्या विहिरीचा नमुना घेतला. शेजारच्या गावची बाई आली होती. तिने बाटली विसळली, भरली, झाकण लावलं, स्वतःचं नाव लिहिलं. मी दहा पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभा होतो.

पाणी पिण्यास योग्य आहे.